चंपतरावांचं वंगण

चंपतरावांची जुनी मोटार ब्रेक दाबला की अशी किंचाळायची, की जरीपटक्याच्या बाजारातल्या म्हशीसुद्धा दचकून बाजूला व्हायच्या. एरवी चंपतरावांना त्याचं काही वाटलं नसतं. हॉर्नचं काम आपोआप होत होतं. पण रविवारी कामठीला रुपरावांकडे मुलाच्या, मनोहरच्या लग्नाचं शेवटचं बोलायला जायचं होतं. रुपरावांची गोपिका शाळेत मास्तरीण होती. मनोहरच्या ती मनात भरली होती; चंपतरावांना मात्र तिची नोकरी सलत होती. "नोकरी सोडत असंन तं हो, नाही तं रामराम," असं ते ठणकावून सांगणार होते. आणि ठणकावायला निघालेल्या माणसाची गाडीच दारात बोंबलली तर त्याचं वजन काय राहणार?

"सोमवारी आना, काका," मेकॅनिक देवाजी म्हणाला.

"सोमवारी आनून काय करू गा? सोयरीक उद्या हाय!"

चाळीस वर्षं बैलगाडी हाकलेला माणूस! त्याच दिवशी त्यांनी स्वतःच चाकाला कान लावला, मनोहरला मोटार मागेपुढे घ्यायला लावली आणि निदान केलं, "आतमंदी घासून राहिलं. चाक वंगण मागून राहिलं!"

"पण बाबा, तिथं ब्रेक..."

"तू मले चाक शिकवतं काय बे?"

चारही चाकं उतरली. जिथं जिथं घासल्याची खूण दिसली, तिथं तिथं चंपतरावांनी सढळ हाताने वंगण थापलं.

रविवारी सकाळी रस्ता सुना होता, ब्रेकची गरजच पडली नाही. चंपतराव खुशीत होते. रुपराव हार घेऊन दारात उभे दिसले. मनोहरने ब्रेक दाबला. मोटार अगदी मुकाट्याने रुपरावांच्या पुढून निघून गेली आणि त्यांचा हार हवेतच राहिला.

"थांब न बे!"

"थांबवूनच राहिलो, बाबा! ब्रेक पकडूनच नाही राहिला!"

मनोहरने हँडब्रेक ओढला. त्यालाही बाबांचा प्रसाद मिळालेला होता. महिन्याभरापूर्वी गाडी शिकलेल्या मनोहरने कशीबशी पिंपळाच्या पाराला वळसा घालून मोटार परत आणली. मागच्या सीटवर मनोहरच्या आईने, जिजाबाईंनी, डोळे मिटून देवाचा धावा सुरू केला.

आता रुपराव खिडकीशेजारी पळू लागले. "व्याहीबुवा, उतरत काहून नाही?"

आपणच ब्रेकला वंगण फासलं हे कोणत्या तोंडाने सांगायचं? "तुमची गल्ली पाहून राहिलो," चंपतराव म्हणाले.

तिसऱ्या फेरीला रुपराव रडकुंडीला आले. "नोकरीचा राग हाय न? सोडते पोरगी नोकरी! पन उतरा!"

ज्यासाठी आलो ते न मागता मिळालं आणि ते घ्यायला खालीही उतरता येईना!

एवढ्यात गोपिका बाहेर आली. "अहो, चावी बंद करा न!"

मनोहरने चावी फिरवली. दोन आचके देऊन मोटार थांबली. आतल्या तिघांनाही हे सुचलं नव्हतं.

"पन झालं काय?" रुपरावांनी विचारलं.

गोपिका चाकापाशी वाकली. वंगण बाहेर ओघळत होतं. मग तिने चंपतरावांच्या काळ्या नखांकडे पाहिलं. त्यांनी झटकन मुठी मिटल्या. आता ही बोलणार, आणि चाळीस वर्षांची अब्रू भर गल्लीत जाणार!

"रस्त्यात कुठं ऑइल सांडलं असंन," गोपिका सहज म्हणाली. "तेच उडालं चाकावर."

चंपतराव थक्क झाले. ओसरीवर बसल्यावर गोपिकाने पाण्याच्या तांब्याबरोबर रॉकेलचा बोळा त्यांच्या हातात ठेवला आणि हळूच म्हणाली, "आधी हात पुसून घ्या, मामाजी. शाळेचं मंग बोलू."

"कोनती शाळा? कोन म्हनलं सोडाले?" चंपतराव रुपरावांवरच खेकसले. "पोरीच्या नोकरीले हात लावसान, तं मी आत्ताच्या आत्ता सगळ्यायले घेऊन ह्याच गाडीनं वापस जाईन!"

हे ऐकून सगळ्यांत आधी जिजाबाई घाबरल्या.