पालीच्या दगडी घरातला रहिवासी

शहरात राहण्यासाठी माणसानं जिवंत असलंच पाहिजे, असा नियम कुठंही लिहिलेला नाही.

ही उणीव दोन हजार सहा साली शहराच्या टोकाच्या पाली कोळीवाड्यात उघडकीस आली. समुद्राकाठच्या चुनखडीच्या खडकावर तीन उभे दगड आणि त्यांवर एक आडवी शिळा, असं बांधकाम आढळलं. (परवानगी: नाही. नळजोडणी: नाही. गळती: नाही. शेवटच्या नोंदीचा सगळ्यांनाच हेवा वाटला.) इतिहासाच्या एका प्राध्यापकांनी ही हजारो वर्षांपूर्वीची समाधी असल्याचं लेखी कळवलं. संबंधित कार्यालयानं (नाव महत्त्वाचं नाही) त्यातून 'बांधकाम जुने व धोकादायक' एवढा बोध घेतला आणि निरीक्षक दत्ताराम यांना ते पाडायला धाडलं.

शिळेवर तिथल्या कोळीण शांताबाईंचा जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, सुकत होता. सासूच्या सासूपासून तिथंच सुकतो. दगड छान तापतो, जवळ्याला वाळू लागत नाही, आणि पहिली मूठ फटीतून आतल्या बाबाला जाते. शिळा गेली की शांताबाईंचा मोसम गेला.

"मावशी, पसारा उचला. तोडायचंय."

"तोडशील कसा रं? आत मानूस हाय."

"मेलेला ना?"

"त्यानं तुला सांगला काय, मी मेलो म्हनून?"

दत्तारामांनी नियमपुस्तक उघडलं. राहतं घर नोटिशीशिवाय पाडता येत नाही. त्यांनी दगडाला नोटीस डकवली: रहिवाशाने सात दिवसांत समक्ष हजर राहावे. रहिवासी आला नाही. दुसऱ्या नोटिशीलाही नाही. तेव्हा शेजाऱ्यांचा जबाब घेणं भाग पडलं. शेजारी एकच, शांताबाई.

"दार उघडतो?"

"न्हाय."

"मतदानाला जातो?"

"न्हाय."

"शेजारीपाजारी मिसळतो?"

"अरं, आमच्या घरच्या चार लग्नांना बोलावला. येक डाव आला न्हाय!"

दत्तारामांचं पेन थबकलं. बेव्हर्ली पार्क नावाच्या शहरातल्या इमारतींच्या वस्तीत ते आठ वर्षं राहत होते. समोरच्या दारावर कुणाच्या नावाची पाटी आहे, हे त्यांनी आठवून पाहिलं. आठवेना. त्यांनी शांतपणे शेरा मारला: 'वर्तन शहरातील इतर रहिवाशांप्रमाणेच. वास्तव्य सिद्ध. पाडकाम रद्द.'

शांताबाईंनी जवळा वरखाली केला.

कार्यालयाला मात्र शेजाऱ्याच्या जबाबाचा हा निकष फारच आवडला. त्यांनी घरोघर माणसं पाठवून एकच प्रश्न विचारायला लावला: समोरच्या घरातला रहिवासी जिवंत आहे काय?

तुमच्या समोरच्यांनाही विचारलं. त्यांनी साखळी न काढता, दाराच्या फटीतूनच सांगितलं, "नक्की सांगता येत नाही."