सतरा नंबरची माती

दगाअप्पा मातीचा वास घेतल्याशिवाय पिशवीचं तोंड बांधत नाहीत. मूठ नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि पंगतीतलं वरण चाखावं तसा निकाल द्यायचा, "हाई उपाशी शे." किंवा, "हाई खाईपिईसन सुखी शे."

आमचं काम सातपुड्यातल्या जंगलाच्या मातीत कार्बन किती साठलाय, त्याचा नकाशा करण्याचं. उपग्रहाची चित्रं मी अक्कलकुव्याच्या ऑफिसात बसून बघते. पण चित्रावर भरवसा ठेवायचा तर ठरलेल्या ठिपक्यांवरची खरी माती खणून तपासावी लागते. ती आणतात अप्पा. जन्मभर वनमजूर म्हणून राबलेला माणूस; रिटायर झाला तरी पाय घरात ठरत नाही. "ताई, तुन्हा उपग्रहले नाक शे का?" हे मला दिवसातून दोनदा विचारतात. प्रयोगशाळेचा अहवाल महिन्याने येतो आणि बहुतेक वेळा अप्पांचंच म्हणणं इंग्रजीत सांगतो. मग अप्पा खापर गावच्या बाजारातली शेव ऑफिसभर वाटतात, "माटी खोटं बोलस नही!"

म्हणूनच सतरा नंबरच्या ठिपक्याने मला चक्रावलं. चित्रात तिथे दाट झाडी आणि अप्पांच्या पिशवीत निव्वळ मुरूम. पुन्हा पाठवलं, पुन्हा मुरूम. रस्त्याकडेची माती भरून आणलीय, हे शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. चढ चढायचा कंटाळा, दुसरं काय! मी चार लोकांसमोर अप्पांना फैलावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जीप काढून त्यांच्यासोबत स्वतःच निघाले.

ठिपका एका मोहाच्या झाडाखाली पडला होता. मी कुदळ उचलली, तसा त्यांनी माझा हात धरला.

"नको ताई. तठे मन्ही पोर शे."

तरुणपणी अप्पा तिथल्या रोपवाटिकेत कामाला होते. आठ महिन्यांची मुलगी तापाने गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. अप्पांनी तिला तिथे पुरलं आणि खुणेला मोहाचं रोप लावलं. आता बायकोही गेली, मुलगा सुरतला. ही जागा ठाऊक असलेलं दुसरं कुणी उरलेलं नाही. एवढं अफाट जंगल सोडून आमच्या कॉम्प्युटरने ठिपका टाकला तो नेमका तिच्यावर. मला माझ्या कालच्या बोलण्याची लाज वाटली.

कुदळ परत जीपमध्ये टाकली. सतरा नंबरपुढे 'इथे खणता येत नाही' एवढंच लिहिलं. साहेबांना काय सांगायचं ते मी बघेन.

ऑफिसात आल्यावर अप्पा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "ताई, वरथून तठे कसं दिसस?"

मी चित्र मोठं केलं. मोहाचा गोल, हिरवा माथा दिसला. अप्पा कितीतरी वेळ बघत राहिले.

"तिना फोटोच काढेल नही व्हता, ताई. हाऊ एक काढी दे."

रंगीत शाई जपून वापरा, अशी ऑफिसात ताकीद आहे. मी पानभर मोठा काढला. अप्पांनी तो दुमडू दिला नाही. बस येईपर्यंत स्टँडवर दोन्ही हातांवर आडवा धरून उभे होते, आणि ऊन लागू नये म्हणून वर आपला रुमाल पांघरला होता.