यमाजीराव व उमाईसाहेब, ट्यूबच्या दो टोकांची बखर

श्रीतेजोनिधी साक्ष. शके एकोणीसशे सव्वीस, तारण नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी एका स्वयंपाकघराच्या छताखाली ट्यूबलाइटचे राज्य नांदत होते, त्याची हकीकत ऐसीजे. राज्य चार फूट लांब, आंत पाऱ्याची वाफ, आणि दोहों टोकांस दोन ठाणी. उजवे ठाणे यमाजीरावांचे, डावे त्यांच्या कुटुंबाचे, उमाईसाहेबांचे. काच मिटली तेच त्यांचे लग्न, आणि तेव्हांपासोन उभयतां कधी जवळ आली नाहीत. परंतु वीज आली म्हणजे दोन्ही ठाण्यांच्या तारा तापाव्या, मग रावांनी तेज पाठवावे आणि बाईंनी घ्यावे, लागलीच बाईंनी पाठवावे आणि रावांनी घ्यावे, आणि हे इतके जलद, की खालच्या लोकांस एकच शुभ्र उजेड दिसे आणि ते त्यांत खुशाल तांदूळ निवडीत. विजेच्या वाटेवर चोक नामे किल्ला, आणि त्याचे दारी सुभानजी नाईक पहाऱ्यास. त्यांचा रिवाज ऐसा, की दोहोंकडून तेज सारखे येते तोंवर दार उघडे, आणि एक बाजू खचली की दार मिटावे. मग घरधनी बटण बंद करून पुन्हा लावीत, अथवा नवी ट्यूब बसवीत, तोंवर ब्रह्मदेव आला तरी उघडू नये. मौज ही, की बटण बंद होतांच नाईकांस मागील सर्वाचा विसर पडे.

ऐसे असतां यमाजीराव थकले. तारेवरील लेप जळाला, घेणे होई, देणे होईना, आणि त्यांचे टोक काळे पडोन तापू लागले. नाईकांनी पाहिले आणि दार मिटले. धनी बोलिले, "जरा कुरकुरतेय इतकंच, चालेल अजून," आणि बटण बंद करून लाविले, वर ट्यूबला टपली मारली. जणू टपलीने म्हातारपण जाते! नाईकांनी नव्या भरवशाने दार उघडिले, निमिषभर उजेड जाहला आणि पुनः अंधार. मग रोज सांजेस हेच होऊं लागले. त्या निमिषांत बाई स्वारीस पाहात, आणि मग दुसरे सांजेपर्यंत काळोखांत वाट पाहात. त्यांस फार फार आठवण येई. म्हणत, "नाईक, अंमळ थांबा. चेहरा पुरता दिसला नाही." नाईक म्हणत, "बाईसाहेब, काच तडकेल, घरास आग लागेल. नाइलाज आहे." दुसरे दिवशी नाईकांस कांही आठवत नसे, आणि बाईंस सर्व आठवे.

एके सांजेस नाईकांचे मन द्रवले आणि त्यांनी मिटण्यास चालढकल केली. उजेड टिकला. बाईंनी स्वारीस डोळे भरोन पाहिले. राव काळवंडलेले, आणि तरी उरलेसुरले तेज त्यांजकडे लोटीत होते. म्हणाले, "दिसलांत. बरे वाटले." इतक्यांत त्यांचे टोकाची काच कडकड वाजू लागली. तेव्हां बाईच ओरडल्या, "नाईक, दार मिटा!"

"बाईसाहेब, आपणच तर..."

"माझ्या हौसेपायीं ते भाजताहेत. मिटा म्हणते ना!"

मिटले.

दुसरे दिवशी धन्यांनी हार मानिली आणि स्टुलावर चढले. बटण चालूच राहिले होते, परंतु नाईक दार मिटोन उभे, म्हणोन धन्यांचे हातास धक्का बसला नाही, आणि ते धन्यांस आजतागाईत ठाऊक नाही. नवी ट्यूब बसली, नवे राव, नव्या बाई, आणि नाईकांनी त्यांसही तितक्याच ममतेने दार उघडिले. जुनी ट्यूब फ्रीजच्या मागे उभी केली. सांज जाहली, आणि नव्यांचा उजेड फटींतून येऊन तिजवर वरपासोन खालपर्यंत पडला, आणि त्या परक्या उजेडांत यमाजीराव व उमाईसाहेब एकमेकांस पुरतीं दिसलीं, आणि दार मिटावयास तेथे कोणी नव्हते.

एकूण वृत्तांत इतकाच. राखणाऱ्याने राखिले, सोसणाऱ्याने सोसिले, उजेड दुसऱ्यांचा जाहला. लेखनसीमा.