नाकात बोळे, डोळ्यांवर चष्मा

"नाक झाका, नाहीतर पटाशी खाली ठेवा," असं डॉक्टर सूर्यनारायणांनी सांगितलं, तेव्हा नामदेवांनी मान डोलावली. दोहोंपैकी कशाला, ते मात्र सांगितलं नाही.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत नामदेव वीणा घडवत. फणसाचं लाकूड तासायचं, कानशीनं घासायचं, काचपेपरनं गुळगुळीत करायचं. त्याची पिवळी भुकटी इतकी वर्षं त्यांच्या छातीत साठत होती आणि आता खोकल्यातून बाहेरची वाट शोधत होती.

डॉक्टरांच्या वाक्याला ताराबाईंनी घरी आपली पुरवणी जोडली. "ही वीणा होईतो काहीतरी सोय करा. नाहीतर शेड बंद आणि मद्रासला जननीकडे. पोरगी कधीची बोलावते आहे."

"तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. फणसाचा ओंडका वर कोण नेणार?"

"ओंडका कशाला? तुम्ही चला."

"ओंडक्याशिवाय मी वर जाऊन काय करू?"

ताराबाईंनी भांडी जोरात घासली.

नामदेवांनी पहिल्यांदा खांद्यावरचा पंचा, म्हणजे तिकडचा तुंडू, नाकातोंडावरून बांधला. धूळ थांबली, पण श्वास वर चढला आणि चष्म्यावर मार्गशीर्षातल्या पहाटेसारखं धुकं धरलं. त्या धुक्यात पटाशी घसरली आणि वीणेच्या टोकावरच्या याळीचा, म्हणजे त्या सिंहतोंड्या प्राण्याचा, एक दात गेला. मग चष्मा काढून पाहिला. तेव्हा याळीऐवजी स्वतःच्या अंगठ्याचं नखच गुळगुळीत झालं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या रंगरावांच्या मोपेडचं हेल्मेट आणलं. काच खाली ओढली, डोळे सुरक्षित, नाक सुरक्षित. आणि नेमकी शिंक आली. बंद हेल्मेटमध्ये शिंकलेल्या माणसानं नंतर काय पाहिलं, ते इथे न लिहिलेलंच बरं. हेल्मेट धुऊन परत करावं लागलं.

चौथ्या दिवशी ताराबाई देवाच्या वाती वळत बसल्या होत्या. नामदेवांनी त्यातला कापूस उचलला, दोन पातळ बोळे केले आणि नाकपुड्यांत बसवले. श्वास कापसातून आत येत होता, धूळ बाहेर राहत होती, चष्मा लख्ख! अडचण एकच होती. काम रंगात आलं की त्यांचा जबडा आपोआप खाली पडे आणि भुकटी थेट घशात जाई. त्यांनी तुंडू हनुवटीखालून घेतला आणि डोक्यावर गाठ मारली. तोंड बंद.

ताराबाई भाजी आणायला गेल्या होत्या. ही युक्ती बघायला घरात कोणी नव्हतं, एवढंच काय ते दुःख. नामदेवांनी दुपारपर्यंत मन लावून याळीला नवा दात बसवला. मग समाधानानं शेडच्या दारातच चटईवर आडवे झाले. चष्मा काढून शेजारी ठेवला, हात छातीवर जोडले. अंगभर पिवळी भुकटी होती, हळद फासल्यासारखी.

त्याच वेळी रंगरावांची बायको अंबा वडामाचं, म्हणजे तांदळाच्या पापड्यांचं, ताट घेऊन भांडायला आली. वाळत घातलेले पांढरे वडाम फणसाच्या भुकटीनं पिवळे झाले होते. "नामदेवण्णा, हे बघा जरा, हे काय..." म्हणत ती दारात आली आणि तिनं पाहिलं: नाकात कापूस, जबडा बांधलेला, अंगाला हळद.

ताट पडलं. "अय्यो! नामदेवण्णा! एवढं सगळं आवरून सावरून कधी गेलात हो तुम्ही!"

गल्ली गोळा झाली. रंगरावांचं आयुष्य तार खात्यात गेलेलं. वाईट बातमी लवकर पोचवणं हा त्यांचा हाडाचा धर्म. ते धावत कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि मद्रासला जननीला फोन लावला. "जननी. अप्पा गेले. नीघ." उगाच शब्द वाढवायची सवय नव्हती. फोन ठेवला आणि डॉक्टरांना बोलावून आणायला गेले.

ताराबाई परतल्या तेव्हा दारात चपलांचा ढीग होता आणि कुणीतरी हारही आणला होता. त्यांच्या हातची पिशवी गळाली. त्या उंबऱ्यावरच बसल्या. अंबानं त्यांना मिठी मारली.

"तारक्का, मन घट्ट कर गं!"

ताराबाई नवऱ्याच्या पायांकडे बघत होत्या. उजव्या पायाचा अंगठा हळूच हलला. थांबला. परत हलला. तीस वर्षं रात्री त्याच अंगठ्यानं त्यांच्या पांघरुणाशी चाळा केला होता.

"मन कशाला घट्ट करू?" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "झोपलेत मेले!"

"मेले म्हणूनच सांगतेय ना गं!"

तेवढ्यात डॉक्टर आले, नाडी बघायला वाकले, आणि भुकटी नाकात जाऊन एवढ्या मोठ्यानं शिंकले की नामदेव ताडकन उठून बसले. अर्धी गल्ली चपला सोडून पळाली. जबडा बांधलेला, त्यामुळे नामदेव नुसतेच "हूं, हूं" करत चष्मा चाचपडत होते. ताराबाईंनी चष्मा त्यांच्या नाकावर चढवला आणि गाठ सोडली.

"तारा," ते आनंदानं म्हणाले, "वाफ नाही धरली!"

ताराबाईंनी आधी त्यांच्या नाकातले बोळे उपटले. मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. डॉक्टर रुमालानं आपला चष्मा पुसत होते.

"डॉक्टर, तुम्हालाही चष्मा आहे."

"आहे की."

"ऑपरेशनला तोंडावर कापड बांधता?"

"बांधायलाच पाहिजे."

"मग तुमच्या चष्म्यावर वाफ कशी धरत नाही?"

"कापडाच्या वरच्या काठाला नाकावर चिकटपट्टी लावतो. श्वास वर येतच नाही."

"हे यांना का नाही सांगितलंत?"

"विचारलं कुठे?" डॉक्टर म्हणाले आणि बॅगेतून एक मास्क आणि पट्टीचं रीळ काढून दिलं.

एवढ्यात, बातमी मागे घ्यायला पुन्हा बूथवर धावलेले रंगराव परतले. जननी घरातून निघून गेली होती.

ती सकाळी उजाडता उजाडता रिक्षातून उतरली. सुजलेले डोळे घेऊन धावत आत आली. शेडमध्ये नामदेव मास्क लावून, नाकावर पांढरी पट्टी चिकटवून याळीचा कान कोरत होते. त्यांनी वर पाहिलं. चष्मा लख्ख होता.

"किती बारीक झालीस गं!"

जननी तिथेच उभी राहिली, रडली, आणि मग भडकली. "अप्पा! रात्रभर सगळ्या बसला सांगत आले मी, आमच्या अप्पांसारखी वीणा कोणी करत नव्हतं म्हणून! 'नव्हतं' म्हणाले मी!"

"मग आता 'नाही' म्हणायची सोय केली पाहिजे," नामदेव मास्कमधून म्हणाले आणि पुन्हा पटाशी उचलली.

तिनं जवळ येऊन पट्टी दाबून पाहिली. "मोठा श्वास घ्या. आणखी एक." काचेवर काही धरलं नाही. ती बराच वेळ त्यांचे हात बघत राहिली. "बरं. मद्रास राहू दे. पण पट्टी रोज नवी लावायची."

दोन वर्षं दिवाळीलाही रजा न मिळालेली जननी आठवडाभर राहिली. रोज आईच्या हातचं जेवली, दुपारी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. ती गेल्यावर ताराबाईंनी मद्रासचं नाव काढलं नाही. त्या भिंतीपाशी गेल्या. पलीकडे अंबा नवे वडाम घालत होती.

"अंबा, दिवाळीला घरीच आहेस ना गं?"

"आहे की. का?"

"काही नाही," ताराबाई इकडे तिकडे बघत हळूच म्हणाल्या, "आदल्या दिवशी जरा मोठ्यानं रडशील का, म्हणून विचारलं."