विषुववृत्तावरचं आज्ञाधारक पाणी

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे आता सर्वमान्य आहे. पण ती फिरते हे कोणीतरी दाखवावं लागतं. नाहीतर बिचारीचं फिरणं वायाच जायचं. नान्युकी गावात विषुववृत्ताच्या पिवळ्या पाटीखाली ही जबाबदारी मुरुंगी गुरुजींनी निवृत्तीनंतर उचलली होती. (त्याआधी ते भूगोल शिकवत, तेव्हा वर्ग झोपे आणि पृथ्वी एकटीच फिरे.)

साहित्य मोजकं : तळाला भोक असलेलं तसराळं, पाणी, आगकाडी आणि श्रद्धा. (श्रद्धा प्रेक्षकांनी आणायची.) पाटीच्या थोडं उत्तरेला जाऊन भोकावरचं बोट काढलं, की पाण्यावरची काडी घड्याळाच्या उलट फिरे, दक्षिणेला घड्याळाप्रमाणे. पृथ्वीच्या फिरण्याचा हा ओढा इतका नाजूक असतो की तसराळ्यापर्यंत येता येता दमून जातो, असं पुस्तकांत म्हटलं आहे. पण ती लिहिणारे नान्युकीला आले नव्हते.

अडचण आली ती पर्यटन समितीमुळे. पाटीखाली यापुढे एकच ‘अधिकृत पाणीदर्शक’ राहील, बाकीच्यांनी तसराळी घेऊन घरी जावं, असं ठरलं. निवडीच्या परीक्षेच्या दिवशी पश्चिमेला, प्रेक्षकांच्या नेहमीच्या जागी, रस्ते खात्याने गटार खणून ठेवलं होतं. समिती पूर्वेला उभी राहिली, भाजलेली कणसं खात.

गुरुजी उत्तरेला चालत गेले, समितीकडे वळले, बोट काढलं. काडी थबकली, तिने विचार केला आणि ती सरळ घड्याळाप्रमाणे निघाली.

“गुरुजी, हे दक्षिणेचं पाणी का?” अध्यक्षा किनानू मॅडमनी विचारलं.

“इथल्याच नळाचं आहे, मॅडम.”

“मग असं का वागतंय?”

गुरुजींची बायको कागेंदो मागे बादली धरून उभी होती. ती कुजबुजली, “अहो, रोज पाहुणे त्या गटाराच्या बाजूला असतात, तुम्ही डावीकडे वळता. आज उजवीकडे वळलात. तुम्ही वळाल तसं पाणी वळतं. जन्मात तुमचं ऐकणारं तेवढं एकच भेटलं!”

गुरुजींच्या पायाखालचं विषुववृत्त सरकलं. पण माणूस प्रामाणिक. त्यांनी खरं तेच सांगितलं :

“मॅडम, प्रेक्षक चुकीच्या बाजूला उभे आहेत.”

समितीने कणसं खाली केली. “म्हणजे, आमच्यामुळे पृथ्वी...?”

“तसं मी म्हणणार नाही.”

गटारावर फळी टाकून समिती तत्परतेने पश्चिमेला गेली, आणि निसर्ग पूर्ववत झाला. गुरुजी अधिकृत झाले. पिवळ्या पाटीखाली दुसरी पाटी लागली : ‘निसर्गनियम लागू राहावेत म्हणून प्रेक्षकांनी पश्चिमेस उभे राहावे. हुकुमावरून.’

संध्याकाळी गुरुजींनी तसराळं अंगणातल्या दगडांवर ठेवलं, पाणी स्थिर होऊ दिलं आणि हळूच बोट काढलं. काडी जागची हलली नाही. पाणी सरळ खाली गेलं. त्याला कोणाकडे वळायचंच नव्हतं.

“काय झालं?” कागेंदोने आतून विचारलं.

“काही नाही. प्रेक्षक नव्हते.”

तुम्ही हसलात. आता मोरीत जाऊन बादली भराल, तिच्यात काडी टाकाल, घरच्यांना ‘बघा, बघा’ म्हणून हाक माराल आणि ते ज्या दाराने येतील, त्या बाजूला वळाल.