सोनावणेकाकांचा पेंग्विन

बारशाला लोक झबलं देतात, टोपरं देतात, फार तर चांदीचे वाळे. आमच्या बिल्डिंगमधल्या सोनावणेकाकांनी म्हात्रेकाकूंच्या नातवाला लिनक्सची सीडी दिली. पाळण्यात बाळाच्या उशाशी ठेवली आणि म्हणाले, "मोठा होईपर्यंत सवय होईल." काकूंना वाटलं, अंगाईगीतं असतील. बाळ झोपेना तेव्हा त्यांनी ती प्लेअरमध्ये लावूनही पाहिली. काही वाजलं नाही, पण बाळ झोपलं. लिनक्सचा आमच्या बिल्डिंगमध्ये झालेला हा बहुधा एकमेव निर्विवाद उपयोग.

लिनक्स म्हणजे कॉम्प्युटरमध्ये विंडोजच्या जागी घालायची व्यवस्था, हे मला काकांमुळेच कळलं. फुकट मिळते, व्हायरस येत नाही, कुणा एकाच्या मालकीची नाही, आणि तिचं चिन्ह पेंग्विन. काका मोरिवलीच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होते. कंपनीने मशिनरीबरोबर माणसंही कमी केली तेव्हा व्हीआरएस घेऊन घरी बसले. त्याच सुमारास त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, गेल्या. मुलगी लग्न होऊन नाशिकला. मग काकांनी पेंग्विन पाळला.

शर्टाच्या वरच्या खिशात, जिथे बाकीच्यांचं पेन असतं, तिथे काकांची सीडी. कुणाच्याही घरी गेले की चपला काढण्याआधी प्रश्न, "मशीन कशी आहे?" माणसांची चौकशी नंतर. आणखी एक सवय होती. दारापर्यंत येऊन ते लगेच बेल वाजवत नसत. जरा वेळ तसेच उभे राहत. जिने चढून दम लागत असेल, असं आम्ही सगळे समजायचो.

काकांच्या सीडीने आमची बिल्डिंग भराभर बाटली, कारण काकांना नाही म्हणणं कुणाला जमायचं नाही. पण मग अडचणी सुरू झाल्या. प्रिंटर बोलेना. गाणी वाजेनात. शाळेने दिलेली प्रोजेक्टची सीडी उघडेना. शेजारच्या बिल्डिंगमधली मुलं गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायची, आणि आमच्याकडची पोरं लिनक्सवर फुगे फोडायची. काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "सवय होते गं. माणसाला कशाचीही सवय होते."

"अहो पण फुकट आहे!" असंही ते सांगायचे. त्याचा आमच्याकडे काही उपयोग नव्हता. उल्हासनगरचा डुप्लिकेट मालाचा बाजार जवळच असताना विंडोजला तरी पैसे कोण देत होतं? दोन्ही फुकटच. फरक एवढाच की विंडोज चोरून फुकट होतं, त्यामुळे त्याला मान होता. लिनक्स राजरोस फुकट म्हटल्यावर लोकांना त्यात काहीतरी घोळ वाटायचा.

तर उल्हासनगरहून, कॅम्प तीनमधून, मनोज नावाचा सिंधी मुलगा बाइकवर यायचा आणि अर्ध्या तासात विंडोज घालून जायचा. एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाला, "तुम्हारे काका मेरे बेस्ट सेल्समॅन हैं, साईं कसम. वो डालते हैं, मैं निकालता हूँ. पूरी बिल्डिंग में दोनों का धंदा चालू."

पण काकांना वाईट वाटू नये, हेही सगळ्यांना वाटायचं. त्यावर म्हात्रेकाकूंनी तोडगा काढला. मनोजकडून त्यांनी पेंग्विनचं मोठं चित्र घेतलं. काका येणार म्हटलं की स्क्रीनवरचा नातवाचा फोटो काढायचा आणि पेंग्विन लावायचा. हळूहळू घरोघरी हीच पद्धत झाली. काका यायचे, लांबून पेंग्विन बघायचे, माऊसला हातही न लावता म्हणायचे, "छान चाललंय." मग चहा, पोहे, गप्पा.

या सगळ्या कारस्थानात खरोखरचं लिनक्स वापरणारी बिल्डिंगमध्ये एकटी मी उरले. माझी तत्त्वं वगैरे काही नव्हती. विंडोज घालायचं तर मनोजला फोन करावा लागला असता, त्याच्याशी हिंदीत बोलावं लागलं असतं, तो घरी आल्यावर पुन्हा बोलावं लागलं असतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी, वर्गात हात वर न करता पदवीपर्यंत पोहोचले होते. त्यापेक्षा प्रिंटर न चाललेला बरा. काका मात्र सगळ्यांना सांगायचे, "ही खरी हुशार. हिला कळलंय." आई माझ्याकडे बघून हसायची. तिला माहीत होतं मला काय कळलंय ते. माझ्या स्क्रीनवरची काळ्यावर पांढरी अक्षरं बघून ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "हे आयसीयूसारखं दिसतंय गं. वाचेल ना?"

मग बदलापूरच्या एका ऑफिसात मला मुलाखतीला बोलावलं. पहिली नोकरी. साहेबांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडायला सांगितलं. घरच्या मशीनवर ते चालतच नसे. मी ते आजवर फक्त क्लासच्या जाहिरातीत पाहिलं होतं. मी माऊस घट्ट धरून बसले, जसा काही तो पळून जाणार होता.

"मॅडम, घरी कॉम्प्युटर आहे ना?"

"आहे."

"मग?"

मग काय सांगणार? लिनक्स समजावून सांगायला मला इंग्रजीही सुचेना आणि मराठीही. साहेब भले होते. म्हणाले, "पुढच्या सोमवारी परत या. हात बसवून या. जागा ठेवतो."

म्हणजे विंडोज घालणं आलं. मनोजला फोन करायचं धैर्य मी एका दिवसात गोळा केलं, पण काकांना कसं सांगणार? बाकीच्यांनी त्यांना फसवलं तेव्हा निदान त्यांच्यापाशी मी शिल्लक होते. मी फसवल्यावर कोण उरणार?

त्या संध्याकाळी लोडशेडिंग होतं. वारा खायला मी जिन्यात आले, तर काका पायरीवर बसले होते, हातात पुठ्ठा, खिशात सीडी. "बस," म्हणाले. मी बसले. सांगायचं म्हणून तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणे मिटलं.

तेवढ्यात लाइट आले. घराघरातून पोरं ओरडली आणि कॉम्प्युटरकडे धावली. जरा वेळाने तळमजल्यावरून विंडोज सुरू होतानाची ती गोड धून वाजली. मग दुसऱ्या मजल्यावरून. मग वरून, एकापाठोपाठ एक. उघड्या दारांतून सगळा जिना त्या धुनेने भरून गेला. मी खाली मान घालून चपलेचा पट्टा नीट करत बसले. तो नीटच होता.

"हे खालच्या जाधवांचं," काका म्हणाले. "हे म्हात्र्यांचं, त्यांचा स्पीकर फाटलाय. आणि हे वरचं, पाटलांचं. सगळ्यांच्या मशीन ठणठणीत."

मी मान वर केली. ते हसत होते.

"तुमच्या लक्षात आलं होतं, काका?"

"अगं, दाराबाहेर उभं राहिलं की ऐकू येतं सगळं. वाजून होईपर्यंत मी थांबतो. पेंग्विन लावायला वेळ लागतो ना लोकांना. म्हात्रेबाईंना तर माऊसही धड चालवता येत नाही, तरी बिचाऱ्या लावतात."

ते पुठ्ठ्याने वारा घेत बोलत राहिले. "सुमन गेली तेव्हाचं लिनक्स फार बिघडायचं. रोज कुणीतरी हाक मारायचं, काका, आवाज गेला. काका, प्रिंटर अडला. एकट्याने जेवायची वेळच यायची नाही. आता नवीन सीडी चांगली आली आहे. बिघडतच नाही." माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं वाजलं नाही ते अजून."

मग मी सगळं सांगितलं. ऑफिस, साहेब, सोमवार. आयुष्यात एका दमात मी इतकं कधीच बोलले नव्हते.

"मग मनोजला बोलाव की! चांगला पोरगा आहे. नोकरी आधी."

"पण काका, मग लिनक्स…"

"सवय होते गं," ते म्हणाले आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले.

दुसऱ्या दिवशी मनोज आला. काम झाल्यावर निघताना त्याने विचारलं, "पेंग्विन डालूँ ना? बिल्डिंग का पॅकेज है." मी हो म्हटलं. चार दिवस रात्रंदिवस हिशेबाचं सॉफ्टवेअर घोटलं आणि सोमवारी नोकरी मिळाली.

त्या संध्याकाळी पेढे आणले आणि काकांना चहाला बोलावलं. ते येण्याआधी मशीन सुरू करावी म्हणून बटण दाबलं, तर जिन्यात चपला वाजल्या. आमच्या दारापाशी येऊन थांबल्या. धून सुरू झाली. मी माऊस शोधू लागले, चित्र कुठे ठेवलंय ते सापडेना. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, त्यांना माहीत आहे ना आता?"

"माहीत आहे," मी म्हटलं आणि शोधत राहिले.

धून संपली. बाहेर काही आवाज नाही. पेंग्विन सापडला, लावला, खुर्ची सरळ केली. त्यानंतरही बाहेर थोडा वेळ शांतच होतं. मग बेल वाजली.

"मशीन कशी आहे?" काकांनी विचारलं, आणि चपला काढल्या.