श्वास चालू हाय ना?

भाऊसाहेब वकिलांना कोणतीही बातमी द्या. नळ गेला, नवरी पळाली, आमदार पक्ष बदलून आला, काहीही. ते चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "श्वास चालू हाय ना? मंग बसा." आमदाराच्या बाबतीत हा दिलासा होता की तक्रार, ते मला अजून कळलेलं नाही.

अमरावतीत ते आमच्या समोरच राहतात. वकिली सोडल्यापासून त्यांनी प्रथमोपचाराची बाजू लढवायला घेतलीय. बारसं असो की तेरवी, ते औषधाचा डबा काखेत मारून हजर. यजमानाला नमस्कार करायच्या आधी चूल कुठं पेटलीय ते बघून घेतात.

नांदगाव खंडेश्वरच्या एका लग्नात नवरदेवाच्या मावशीच्या हातावर उकळती कढी सांडली. लगेच चहूकडून टूथपेस्टच्या ट्यूबा निघाल्या. सकाळी दात घासायचा कंटाळा करणारी माणसंसुद्धा दुसऱ्याच्या भाजल्यावर पेस्ट फासायला धावतात. भाऊसाहेबांनी ट्यूबा जप्त केल्या, मावशीच्या बांगड्या उतरवल्या आणि पंगतीच्या पाण्याच्या जारची तोटी तिच्या हातावर सोडली. एक जार संपला की दुसरा. पंगतीत ठसके लागले, नवरीचे मामा भडकले. भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "तुमाले तहान लागली, तिची आग होऊन राह्यली. कोणाचं प्रकरण आधी चालवू?"

परतवाड्याच्या स्टँडवर तर एका प्रवाशाला मिरगी आली. तेव्हा एक सद्गृहस्थ पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरू लागला. इथं माझं डोकं फिरतं. आपल्याकडे माणूस आडवा पडला की त्याला हुंगवायला चप्पल ताबडतोब मिळते, डोक्याखाली द्यायला रुमाल कोणाकडे नसतो. भाऊसाहेबांनी ती चप्पल हिसकून भिरकावली. ती एका जीपच्या टपावर पडली आणि जीप धारणीला निघून गेली. मग त्यांनी पडलेल्याच्या डोक्याखाली आपला दुपट्टा सरकवला, त्याचे हातपाय दाबून धरणाऱ्यांना हाकललं आणि झटका ओसरल्यावर त्याला कुशीवर वळवलं. तो भानावर आला तरी चप्पलवाला एका पायावर उभा राहून भांडतच होता.

"काहून बोंबलून राह्यला?" भाऊसाहेबांनी विचारलं. "तुहा श्वास तं चालू हाय ना?"

दर रविवारी त्यांच्या ओसरीवर वर्ग भरतो. बंद पडलेलं हृदय छाती दाबून कसं चालवायचं, ते शिकवतात. त्यासाठी गादीवाल्याकडून कापूस ठासून एक पेशंट करून घेतलाय. त्याला भाऊसाहेबांचा जुना शर्ट घातलाय. गल्ली त्याला मेहुणा म्हणते. आधी हाक मारायची, श्वास बघायचा, अँब्युलन्सला फोन करायला लावायचं, मग छातीच्या मधोमध तळहात ठेवून जोरात आणि भराभर दाबायचं. कोणी हळू दाबलं की ते खेकसतात, "कणीक तिंबून राह्यली काय?"

उन्हाळ्यात वर्गात मी एकटी उरले. भाऊसाहेब दारोदार फिरले. लोकांनी आतून टीव्हीचा आवाज वाढवला. एवढं मनाला लावून घेतलेलं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, गल्ली गेली खड्ड्यात, पत्रकं छापू, कॉलेजाकॉलेजांत जाऊ, शेकडो पोरं शिकतील.

"तू जाय," ते म्हणाले. "मले गल्लीतलंच कोणी पाह्यजे."

एवढं कामाचं ज्ञान एका बोळात कोंडून ठेवायचं, हे मला पटेना. रागानं मी मेहुण्यावर तुटून पडले. त्याच्या अवाढव्य पोटामुळे नीट वाकता येईना. इतकं पोट कशाला ठेवलं, असं मी वैतागून विचारलं.

"माह्या मापाचा हाय तो," भाऊसाहेब म्हणाले.

मी वर पाहिलं. त्यांच्या पाठीमागं घराचं दार होतं, त्याची आतली कडी काढलेली होती. लाकडात नुसती भोकं. काकू मागच्या साली गेल्या. मुलगा पुण्यात. त्यांच्या छातीच्या दुखण्याचं गल्लीत कोणाला माहीत नव्हतं, मलाही तेव्हाच कळलं.

"तो पुण्याहून येईस्तोवर काही उरत नाही, पोरी," ते डब्यातल्या पट्ट्या उगीच नीट लावत म्हणाले. "समोर तुहंच घर हाय."

मी पुन्हा गुडघ्यांवर बसले आणि हात दुखेपर्यंत दाबत राहिले. त्या दिवशी ते एकदाही खेकसले नाहीत.

आता सकाळी दूध घ्यायला निघाले की मी त्यांचं दार ढकलते आणि विचारते, "भाऊसाहेब, श्वास चालू हाय ना?"

आतून आवाज येतो, "हाय. मंग बस. चहा टाकतो."